लाकडी पटावर रंग टेपखालून पसरत होता, शेवटी असं जमलं
पॅकिंगच्या खोक्याच्या फळीवर बुद्धिबळाचा पट करत होतो, पण काळा ॲक्रिलिक रंग मास्किंग टेपखालून झिरपून शेजारच्या घरात केसासारखे बारीक फाटे फुटायचे. टेप जोरात दाबली, रंग घट्ट घेतला, फरक शून्य. तीनदा घासून परत सुरुवात, जाम वैतागलो.

जमलं ते असं: आधी 120 मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासलं, स्टीलपट्टी धरून कटरने 64 घरांच्या कडा हलक्या कापल्या म्हणजे लाकडाचे तंतू तिथेच तुटतात, मग टेप लावून तिच्या कडेवर पाण्यातल्या पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात, हीच खरी गोम, कारण आता झिरपतं ते वॉर्निश आणि ते दिसत नाही. ते पूर्ण वाळल्यावरच काळा रंग, दोन पातळ हात, आणि दुसरा ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढली.