वेबसाइटचं सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा, आणि आधी बाहेर पडायचा रस्ता पाहा

धरमपेठेत माझं छोटं ऑफिस आहे. अकरा वर्षं झाली, नागपुरातल्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या, कारखानदारांच्या वेबसाइट करतो. नव्या करतो त्याहून जास्त बिघडलेल्या दुरुस्त करतो. येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "भाऊ, व्हिडिओत तर अर्ध्या तासात साइट बनली होती." बनते अर्ध्या तासात, त्यात खोटं काही नाही. पण ती पुढे पाच-सात वर्षं चालवायची असते, आणि त्याचा विचार त्या अर्ध्या तासात कुणी करत नाही.

आपला माल (साइटवरचा मजकूर, फोटो, यादी) बाहेर काढता येतो का, हे न पाहणं

या चुकीने मला सगळ्यात जास्त छळलं आहे.

हिंगणा एमआयडीसीत एक कारखाना आहे. दालमिलच्या मशिनींचे सुटे भाग बनवतात, चाळण्या, रोलर वगैरे. मालक काका साठीच्या पुढचे. त्यांच्या भाच्याने कॉलेजात असताना एका ड्रॅग-अँड-ड्रॉप बिल्डरवर, म्हणजे तुकडे ओढून पान मांडायच्या तयार सेवेवर, साइट उभी केली होती. पोराने काम मन लावून केलं होतं. ४१२ भाग, प्रत्येकाचं वेगळं पान, फोटो, माप, सगळं. डोमेन, म्हणजे साइटचं नेटवरचं नाव, बिल्डरच्या वार्षिक प्लॅनसोबत पहिल्या वर्षी फुकट मिळालं, ते त्याने स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदवलं. पुढे तो नोकरीला बेंगळुरूला गेला आणि कॉलेजने तो ईमेल बंद केला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच पत्त्यावर जात राहिल्या. नवी तूर यायच्या तोंडावर काकांचा फोन आला, "अकोल्याची पार्टी, लातूरची पार्टी फोन करून राहिली, अन् साइट उघडूनच नाही राहिली."

डोमेन परत मिळवायला तीन आठवडे कागदपत्रं पाठवली. तोवर प्लॅनचा दर दुप्पट झालेला. काका म्हणाले, दुसरीकडे हलवू. मी आत जाऊन पाहिलं तर माल बाहेर काढायचं बटणच नव्हतं. बिल्डरमधली ऑनलाइन दुकानाची सोय वापरली असती तर निदान यादी निघाली असती, पण पोराने प्रत्येक पान हाताने मांडलेलं होतं.

मग काकांची मुलगी आणि मी रोज संध्याकाळी बसलो. ती पानावरून वाचायची, "चाळणी, आठ इंच, दोन एमएम होल," आणि मी शीटमध्ये भरायचो. दीडशेव्या भागाच्या आसपास लक्षात आलं की दोन पानांवर एकच फोटो आहे आणि मापं वेगळी. गोदामात जाऊन व्हर्नियर कॅलिपरने मोजून खात्री केली. एकोणीस संध्याकाळी गेल्या. त्यानंतर जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवायचं काम वेगळं, नाहीतर गूगलवरून येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पानावर येऊन परत गेलं असतं.

तेव्हापासून मी कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी साधी शीट करतो. भाग क्रमांक, नाव, माप, किंमत, फोटोच्या फाइलचं नाव. शीट तयार नसेल तर मी काम हातात घेत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. मग ट्रायल खातं उघडतो, पाच वस्तू आत टाकतो आणि त्याच पाच बाहेर काढून पाहतो. बाहेर काय येतं ते प्रत्येकाचं वेगळं आहे. वर्डप्रेस, म्हणजे आपण स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर) टाकतो ते, सगळा मजकूर आणि डेटाबेस आपल्या हातात देतं. शॉपिफायमधून मालाची यादी सीएसव्हीत, म्हणजे शीटमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, निघते, थीम (साइटचा तयार साचा) मात्र तिथेच चालते. विक्सवर केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे ते स्वतःच सांगतात. वेबफ्लोमधून सशुल्क प्लॅनवर कोड निघतो, पण फॉर्म आणि आतला डेटाबेस त्या कोडसोबत चालत नाही. यातलं कुठलंही वाईट नाही. चार पानांची साइट असेल तर विक्स खुशाल घ्या. पण ४१२ पानं मांडायच्या आधी हे माहीत हवं.

डोमेन नेहमी वेगळं घ्या. मालकाच्या नावावर, मालकाच्या मोबाइलवर, आणि बंद न होणाऱ्या ईमेलवर. भाच्याच्या नाही आणि माझ्याही नाही.

फुकट मिळतंय म्हणून निश्चिंत राहू नका. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. पैसे भरलेलंही टिकतंच असं नाही. अॅडोबी म्यूज या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर लोकांनी मेहनतीने साइट केल्या, त्याचा सपोर्ट मार्च २०२० मध्ये संपला.

डेमो इंग्रजीत पाहून थीम घेणं

ही माझी दुसरी दुखरी नस. डेमोत इंग्रजी मथळा मोठ्या झोकात दिसतो. आपण मराठी टाकतो आणि सगळं विसकटतं. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे ब्राउझर मिळेल तो फॉन्ट लावतो. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेलं असतं, म्हणून वेलांटी आणि मात्रा वरून कापल्या जातात. मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषाच तुटते, प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. महालातल्या एका मिठाईवाल्याच्या साइटवर दुकानाचं नाव दोन वर्षं असंच तुटकं होतं आणि त्यांना वाटत होतं, नेटवर मराठी अशीच दिसते. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

माझं चाचणीचं वाक्य ठरलेलं आहे: "दुसऱ्या दिवशी काळ्या मातीतली पऱ्हाटी हिरवी दिसली." यातला 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' नीट आला, 'ळ्या' नीट जुळला, म्हणजे फॉन्ट कामाचा. हे वाक्य मथळ्यात, मेनूत, बटणावर आणि फॉर्ममध्ये टाकून साध्या अँड्रॉइड फोनवर पाहतो. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट फुकट आहेत आणि चांगले आहेत. अक्षरांमधलं अंतर शून्य, ओळीची उंची दीडपट किंवा थोडी जास्त. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा, हिंदी नाही. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एवढंही बदलता येत नाही ते मराठी साइटसाठी घेऊ नका.

याच्याच जोडीची चूक म्हणजे डीटीपीवाल्याकडून आलेला कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवणं. तिथे 'मराठी' हा शब्द खरं तर ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर आणि नेटवर चालणाऱ्या मराठीत, बदला, मग एकदा डोळ्याने वाचा. जोडाक्षरं हमखास चुकतात.

बाकीच्या, थोडक्यात

चोरीची 'नल्ड' थीम टाकू नका. त्यातून आलेला कचरा साफ करायला असली थीमच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मी घेतलेले आहेत, आणि ते घेताना मला आनंद होत नाही.

वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग एकच समजू नका. पहिली तयार सेवा आहे, दुसरं आपण स्वतः बसवायचं सॉफ्टवेअर.

पहिल्या वर्षाचा दर पाहून निवडू नका. नूतनीकरणाचा दर पाहा, डॉलरमध्ये असेल तर रुपयांत करा, वर जीएसटी धरा.

ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर येत असतील तर कार्ट, कूपन, पेमेंट गेटवे यांच्या मागे लागू नका. काकांच्या साइटवर आज ४१२ भाग आहेत आणि प्रत्येकाखाली फक्त एक फोनचं बटण आहे.

परदेशी सेवेचा प्लॅन कार्डाला जोडून विसरू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पूर्वपरवानगी नोंदवलेली नसेल तर आपोआप पैसे कापले जात नाहीत, आणि १५,००० रुपयांच्या (ही मर्यादा जून २०२२ पासूनची) वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. पैसे गेले नाहीत की साइट बंद, आणि हे बहुतेकांना गिऱ्हाइकाकडून कळतं. मी प्रत्येकाच्या नूतनीकरणाची तारीख ऑफिसातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहितो, आणि तिच्या पंधरा दिवस आधी मालकाला फोन करतो.