मोठा सायलेन्सर पाइप बसवला आणि गाडी घाटात ओढेना

गाडी १२०० सीसी पेट्रोल. पाइप मोठा तेवढी पॉवर जास्त, असं ऐकून अडीच इंची बसवला. आवाज झकास, पण साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमखाली गाडी मेल्यासारखी. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. काडीचा फरक नाही. दोन रविवार पाण्यात.

दोष पाइपातच होता. तो गरजेपेक्षा रुंद झाला की धुराचा वेग पडतो, आणि कमी आरपीएमला सिलिंडर नीट रिकामा व्हायला तोच वेग लागतो.

मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. माळ्यावरचा मूळ पाइप व्हर्नियरने, म्हणजे व्यास मोजायच्या मापकाने, मोजला: बाहेरून ४२ मिमी. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागे पावणेदोन इंची, म्हणजे साधारण ४४ मिमीचा पाइप करून घेतला. वाकवताना तो आत चेपला तर सगळं फुकट, म्हणून प्रत्येक वळणावर व्हर्नियर लावला. वेल्डर वैतागला, वैतागू दे. फ्लँजला, म्हणजे पाइप बोल्टने जोडतात त्या कडीला, नवं गॅस्केट (सील) घातलं. इंजिन चालू करून लगेच, पाइप तापायच्या आत, जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका जोडावर बुडबुडे आले, तिथं पुन्हा वेल्डिंग.

आता तोच चढ १५०० आरपीएमपासून ओढते. आवाज मात्र गेला.