उसाचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं पुन्हा फुटणारं पीक) ठेवणार असाल तर पाला पेटवू नका, आणि सगळा विकू पण नका

ऊसतोड जोरात चालूय, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, हातकणंगले कुठं बी जावा, संध्याकाळी धूर दिसतोयच. तोडणाऱ्यांची टोळी गेली की दुसऱ्या दिवशी रानात पडलेल्या वाळक्या पाल्याला, म्हणजे पाचटाला, काडी लावायची ही आपली जुनी खोड, मी पण लावायचो, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांमागं शेजारच्या फडाची आग वारं फिरलं तशी बांध ओलांडून आली आणि माझ्या ड्रीपच्या नळ्यांची काळी वेटोळी झाली, तेव्हापासून काडी बंद.

आता दुसरा प्रश्न येतोय, बेलर (पाल्याच्या गाठी बांधणारं यंत्र) लावून पाला नेऊ का म्हणून विचारणारे. गाठी बॉयलरला जातात, ब्रिकेटला (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांना) जातात, आणि टू-जी, म्हणजे दुसऱ्या पिढीचं, म्हणतात ते इथेनॉल पण असल्याच काडीकचऱ्यापासून करता येतं. जाळण्यापेक्षा विकलेला बरा, हे खरंय. पण एकरी साधारण 4 टन पाला निघतो, त्यात नत्र 20 किलो, स्फुरद 8 किलो आणि पालाश (पोटॅश) 30 ते 40 किलो असतं, म्हणजे पोटॅशची एक पिशवी तर नुसती पालाशातच गेली. जाळलं तर निदान राखेत पालाश रानात राहतं, गाठीबरोबर ते पण गाडीत बसतं! भाव ठरवताना हे डोक्यात ठेवा, नुसतं रान साफ करून मिळतंय म्हणून फुकट देऊ नका.

खोडवा मोडून घाईनं हरभरा करायचा असेल तर द्या, तरी एक आड एक सरीत पाला ठेवा असं माझं मत. खोडवा राखायचा असेल तर पाला सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा, बुडख्यावर पाला राहू देऊ नका नाहीतर फुटवा दबतो. मग पाला कुजावा म्हणून त्यावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरायचं, 4 किलो पाचट कुजवणारं कल्चर शेणखतात मिसळून टाकायचं आणि पाणी द्यायचं. खोडव्याच्या पिकाचं रासायनिक खत मात्र वर फेकू नका, पहारीनं द्या, बुडख्यापासून चार-सहा बोटं लांब आणि वीतभर खोल, पहिला डोस तोडीनंतर 15 दिवसांच्या आत, दुसरा 135 दिवसांनी उलट्या बाजूला. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर पाला ठेवाच, रान झाकलेलं असलं की ओल कमी उडते आणि मीठ वर यायचं कमी होतं.

डिस्टिलरीच्या गावात राहणाऱ्यांसाठी जरा वेगळं. एक लिटर अल्कोहोलमागं 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) निघतो, तो आटवून बॉयलरला जाळायचा किंवा प्रेसमडबरोबर (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर) कंपोस्ट करायचा, बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे. फुकटचं खत म्हणून कोणी कच्च्या स्पेंटवॉशचा टँकर रानात सोडतो म्हणाला तर नको म्हणा, क्षार साठतात आणि विहीर एकदा तांबडी झाली की सगळ्या वस्तीचं पाणी जातं. स्पेंटवॉश जाळलेल्या बॉयलरच्या राखेपासून केलेलं पीडीएम (मळीपासून मिळणारं) पोटॅश मात्र चालतं, त्यात 14.5 टक्के पालाश असतं. प्रेसमड आता सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) गॅसला पण जातोय, त्यामुळं कंपोस्ट तुटपुंजं मिळेल, तर गॅस काढून उरलेलं खत आपल्याला मिळणार का, हे कारखान्याच्या सभासदांनी सभेत विचारा की, तो पण आपल्याच उसाचा गाळ हाय.

आणि इथेनॉलच्या जोरावर नवीन लागण वाढवू नका. धोरण कसं फिरतं बघा, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं 2030 चं 20 टक्क्याचं टार्गेट 2022 मध्ये 2025-26 वर आणलं, आणि डिसेंबर 2023 ला रसापासून इथेनॉल करायला एकदम ब्रेक लावला, तो ऑगस्ट 2024 च्या शेवटाला निघाला. आपल्या हातात एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर), 2025-26 साठी तो 10.25 टक्के रिकव्हरीला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 355 रुपये ठरला. रस किंवा बी-हेवी (बरीच साखर अजून शिल्लक असलेली मळी) इथेनॉलला वळवला की साखर कमी निघते, म्हणून रिकव्हरीचा आकडा बघताना वळवलेली साखर धरली का ते विचारा. ऊस गेल्याची तारीख वहीत टिपा आणि काट्याची पावती त्याच पानाला टाचा, 14 दिवसांत बिल नाही आलं तर 15 टक्के व्याज मागायला तीच लागते.