हृदयाचा सीटी स्कॅन: कधी, कसा आणि रिपोर्ट वाचायचा कसा

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. इकोत हृदयाचं आकुंचन आणि झडपा दिसतात. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतली चरबी दिसत नाही. विश्रांतीतला ईसीजीही फसवतो: धमनी बरीच अरुंद असली तरी बसल्या जागी रक्त पुरतं. त्यामुळे जिना चढताना छाती आवळते आणि थांबलं की सुटते, ही तक्रार कागदापेक्षा महत्त्वाची. मात्र बसल्या जागी छातीत दुखून घाम सुटला, तर स्कॅनची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) लागतं.

धमन्या पाहायला हृदयाचा सीटी दोन प्रकारे करतात: कॅल्शियम स्कोअर आणि सीटी अँजिओ. कॅल्शियम स्कोअरमध्ये धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजतात, त्याला इंजेक्शन लागत नाही. ० चांगला, १०० पर्यंत सौम्य, ४०० च्या पुढे बराच साठा. पण हा स्कोअर फक्त घट्ट झालेला थर मोजतो. मऊ चरबी त्यात येत नाही, म्हणून त्रास होत असेल तर शून्यावर विसंबू नये, तरुणांनी तर नाहीच.

सीटी अँजिओत शिरेतून डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचा द्रव) देऊन धमन्यांच्या आतली वाट पाहतात. इथे खरी अडचण ठोक्यांची. नाडी मिनिटाला ६० ते ६५ च्या खाली हवी, नाहीतर धमनी पायरीसारखी तुटक दिसते. म्हणून तासभर आधी मेटोप्रोलॉल हे ठोके मंदावणारं औषध देतात. दमा असेल तर आधीच सांगा. चहा-कॉफी १२ तास बंद. धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात, त्याने डोकं दुखू शकतं. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर संकोच न करता सांगा, बीपी धोकादायक पातळीवर घसरतो. क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा ताजा रिपोर्ट न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असल्यास कळवा; मूत्रपिंड कमजोर असेल तर ती नंतर ४८ तास थांबवायला सांगतात.

डाय जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरून हलू नका. श्वास दहाएक सेकंद रोखायचा असतो, तो घरी मोजून पाहा. फार खोल श्वास घेऊ नका, नेहमीइतकाच घेऊन थांबा.

रिपोर्टमधले टक्के अंदाजी असतात. साधारण ७० टक्के, आणि डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के अरुंदपणा, गंभीर धरतात. कॅल्शियम जास्त असेल तर त्याची पांढरी चमक पसरते आणि ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं भासतं. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या) आतलंही नीट दिसत नाही. ५० ते ७० टक्क्यांच्या मधल्या ब्लॉकेजमुळे रक्त खरंच कमी पडतं का, ते स्ट्रेस थॅलियमसारख्या, हृदयावर ताण देऊन रक्तपुरवठा पाहणाऱ्या तपासणीतून कळतं. केवळ टक्का पाहून स्टेंट ठरवायची घाई नको.

निघताना फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रं फिरवून पाहावी लागतात, आणि फिल्मवर सगळी मावत नाहीत.