वाचक भरपूर, ऑर्डर मात्र येईना? या चुका टाळा

दिवाळीच्या आधी महिनाभर चकलीच्या भाजणीची रेसिपी शोधत लोक धो धो येतात, ब्लॉगवरचा आकडा बघून मन भरून येतं, आणि त्याच ब्लॉगवर तयार भाजणी विकायला ठेवलेली असते तिला मात्र कुत्रं विचारत नाही. घरगुती मसाले, मेतकूट, भाजण्या विकणाऱ्या मराठी रेसिपीवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं. मग कुणीतरी सल्ला देतं की रोज पोस्ट टाका, रील बनवा, ट्रॅफिक वाढवा. अहो, ट्रॅफिक आहेच की! आलेली माणसं कुठे अडकतायत ते बघायचंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाचक कशासाठी आलाय ते सोडून त्याच्याकडे भलतंच काहीतरी मागणं. आता चकलीचंच पान घ्या. तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मग धुवा, सावलीत वाळवा, प्रत्येक धान्य वेगळं भाजा, गार करा, गिरणीतून दळून आणा. इथपर्यंत वाचलं की अर्ध्या बायका (आणि आता बरेच पुरुषपण) मनातल्या मनात म्हणतात, जाऊदे, गिरणीत कोण जाणार. तुमचं गिऱ्हाईक इथे, ह्या ओळीवर तयार होतं. त्यामुळे तिथेच लिहा की एवढा वेळ नसेल तर तयार भाजणी आहे, अर्धा किलोची किंमत ही, आणि खाली बटण. पण होतं काय, तर विकायची लिंक रेसिपी संपल्यावर, लेखिकेचा परिचय, मग जाहिरात, मग 'हेही वाचा' ह्या सगळ्याच्या खाली असते नाहीतर वरच्या मेनूत 'शॉप' नावाने लपलेली असते, आणि तिथे जाऊन कोण शोधणार?

आणि जी बाई भाजणी घरीच करणार आहे ती आज तुमचं काही विकत घेणार नाही, तिच्या मागे लागू नका. ती सबस्क्रायबर होऊ शकते. फक्त तिला 'आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा' म्हटलं तर ती का करेल, तिला भीती वेगळीच आहे, चकली तेलात विरघळली तर, दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर, अनारसे हसले (तेलात फुटून पसरले) तर. 'फराळ फसला तर काय करायचं' असं दोन पानांचं काहीतरी ईमेलवर देतो म्हणा, बघा कशी पटकन ईमेल देते. 'मोफत 101 रेसिपींचं ई-बुक' हा प्रकार आता सगळीकडे झालाय, त्याला कोणी भुलत नाही.

पॉपअपबद्दल थोडक्यात. पान उघडायच्या आत अख्खी स्क्रीन झाकणारा पॉपअप नको, मोबाइलवर तर त्याची फुली बोटाखाली सापडत नाही. अशी पानं मोबाइल सर्चमध्ये खाली जाऊ शकतात हे गूगलने 2017 च्या जानेवारीपासून लागू केलंय, म्हणजे वाचकही चिडतो आणि नवीन वाचकही कमी येतो.

कॉमेंटमध्ये कोणी विचारतं 'ताई, भाजणी कितीला?' आणि उत्तर काय, तर 'इनबॉक्स केलंय'. हे मला खरंच कळत नाही. एकीने विचारलं म्हणजे न विचारणाऱ्या कितीतरी जणी ते उत्तर वाचायला थांबल्यात. किंमत उघड लिहा, कुरिअरचा खर्च धरून लिहा. भाजणी 180 ची आणि पैसे भरताना शेवटच्या क्षणी आणखी 90 दिसले की माणूस तिथेच पान बंद करतो.

आता लोकांनी फॉर्म भरूनसुद्धा सबस्क्रायबरांची यादी वाढत नसेल तर बिघाड तांत्रिक असू शकतो. जुन्या ब्लॉगस्पॉटवाल्यांनी आधी हे बघा, की बाजूला 'फॉलो बाय ईमेल'ची चौकट अजून तशीच आहे का? ती फीडबर्नर नावाच्या गूगलच्याच सेवेवर चालायची आणि ती ईमेलची सोय गूगलने 2021 च्या जुलैमध्ये बंद केली. जुनी चौकट पानावर तशीच राहिली असेल तर त्यात टाकलेले ईमेल कुठेच जात नाहीत. दुसरं म्हणजे कन्फर्मेशनचं मेल, म्हणजे फॉर्म भरल्यावर 'हे तुम्हीच ना?' असं विचारणारं. बऱ्याच मेल सर्व्हिसेस (अख्ख्या यादीला एकदम मेल पाठवून देणाऱ्या साइट) ते आपोआप इंग्रजीत पाठवतात, आपल्या मावशीबाईंना ते फसवणुकीचं वाटतं आणि त्या ते डिलीट करून टाकतात. मराठीत करून घ्या, विषयाच्या ओळीत ब्लॉगचं नाव टाका. तिसरं, मेल सर्व्हिसमधून पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ता साधा जीमेलचा ठेवू नका, 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, असं मेल स्पॅममध्ये पडायची शक्यता जास्त. स्वतःचं डोमेन (साइटचं स्वतःचं नाव) घ्या आणि त्याचं एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या सेटिंग, सेट करून घ्या, जमत नसेल तर जाणकाराला सांगा, फार मोठं काम नाहीये.

मेल नको, व्हॉट्सॲपच बरं असं म्हणणारे बरेच आहेत आणि आपल्या वाचकांसाठी ते खरंही आहे. पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) 256 जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, हे माहीत नसल्यामुळे लोक 'पाठवलं तरी रिप्लाय नाही' म्हणून रडत बसतात. ऑर्डर घेताना 'नंबर सेव्ह करा' एवढं सांगा. आणि न विचारता कोणाला ग्रुपमध्ये ॲड करू नका, प्लीज.

खायची वस्तू आहे, त्यामुळे विश्वासाचा प्रश्न येतोच. नेटवरून उचललेला चकचकीत फोटो नको, तुमच्या खऱ्या पाकिटाचा टाका. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) 14 आकडी नंबर, कधी बनवलं, किती दिवस टिकतं, हे दिसू द्या.

लिंकवर क्लिक होतायत पण पैसे येत नाहीत, असं असेल तर दुसऱ्या कोणाच्यातरी फोनवरून, वायफाय बंद करून, स्वतःच एक ऑर्डर टाकून बघा. इन्स्टाग्रामच्या आत लिंक उघडली तर कधीकधी तिथून यूपीआयचं ॲपच उघडत नाही, गिऱ्हाइकाला वाटतं साइट बंद पडली. शेजारी क्यूआर आणि 'ब्राउझरमध्ये उघडा' एवढं लिहिलेलं असलं तरी काम होतं. परदेशातले मराठी वाचकही बरेच असतात, तिकडे पाठवत नसाल तर तसं वरच सांगून टाका, पत्ता भरून झाल्यावर नाही.

सबस्क्रायबर मिळाले की आठ महिने गप्प बसायचं आणि आश्विनात एकदम 'ऑफर! ऑफर!' करत उगवायचं, हेही चालतं आपल्याकडे. तोपर्यंत लोक तुम्हाला विसरलेले असतात आणि मेल सरळ स्पॅममध्ये ढकलतात. उन्हाळ्यात कुरडया-पापड, श्रावणात उपासाची भाजणी, निमित्तं काय कमी आहेत, त्या त्या वेळी कामाचं एखादं मेल जाऊदे.

आणि दिवाळीची ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख पानावर ठळक लिहा, कुरिअरला लागणारे दिवस धरून. ती तारीख गेली की विकायचं बटण काढून त्याजागी 'पुढच्या वेळी भाजणी तयार झाली की कळवू का?' असं विचारून नंबर घ्यायचा, कारण वसुबारसेला उशिरा जागा झालेला माणूस पुढच्या वर्षी सगळ्यात आधी ऑर्डर देतो.