टूल ऑफसेट शिकवायचा एकदाच

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवा मुलगा आला की टूल ऑफसेट (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला प्रत्येक टूलची लांबी-जागा कळवणारं माप) घ्यायला पहिल्यापासून शिकवा, हे दर महिन्याचंच. आता असं करतो:

१. जो रोज ते काम करतो त्यानेच मोबाईल आडवा धरून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. मराठीत, जसं बोलतो तसं. मागे कंप्रेसर वाजत असला तर तेवढा बंद करा.

२. गूगल ड्राइव्हवर टाकून लिंकचा क्यूआर कोड मशीनच्या पॅनेलवर चिकटवायचा. वरून पारदर्शक टेप, नाहीतर कूलंटने आठवड्यात लगदा.

३. पद्धत बदलली तर नवी फाइल टाकू नका. जुन्याच फाइलच्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये नवा व्हिडिओ चढवा. लिंक तीच राहते, स्टिकर बदलावा लागत नाही.

फक्त फ्रेममध्ये कस्टमरचं ड्रॉइंग येऊ देऊ नका.