ईएक्सटी-४ अचानक 'रीड-ओन्ली' होत असल्यास: माझा अनुभव

खानापुरातील आमच्या दुकानाच्या लिनक्स संगणकावर बिले नोंदवताना ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) मध्येच 'रीड-ओन्ली' (फक्त वाचता येईल अशी) होई आणि डिस्कवर लिहिणेच थांबल्यामुळे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉगही (संदेशांची नोंद) उरत नसे. कर्नल बदलला, फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारे एफएससीके (fsck) चारदा चालवले. तीन आठवडे जीव मेटाकुटीला आला.

शेवटी 'डीमेसेज -एन ८' (dmesg -n 8) देऊन कर्नलचे सर्व संदेश खुले केले आणि नेटकन्सोलने (संदेश नेटवर्कवरून पाठवणाऱ्या कर्नलच्या सोयीने) ते यूडीपीच्या ६६६६ पोर्टवर शेजारच्या लॅपटॉपकडे पाठवले. ईएक्सटी-४च्या तक्रारीआधी एटीएची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, 'आयसीआरसी' त्रुटी दिसली, आणि डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये (smartctl) १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी त्रुटींचा (केबलमधून जाताना डेटा बिघडल्याच्या), आकडा रोज वाढत होता. म्हणून केबलवर संशय आला. संगणक बंद करून डिस्कची साटा केबल बदलली, लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) सुरू केला आणि डिस्कचा विभाग माउंट न करता (वापरात न आणता) 'ई२एफएससीके -एफ' (e2fsck -f) चालवले. १९९चा तो आकडा शून्यावर येत नाही. वाढायचा थांबला, एवढेच पाहावे.